धौलाधारच्या कडेकडेने

बीर, जि. कांगडा
९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इथे पोचले तेव्हा पाऊस होता आणि ढग गावावर उतरून बसले होते. आज उघडलं. धौलाधारवर नवा बर्फ पडलाय. बीर गाव चौदाशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या साल्हेरच्या माथ्यापेक्षा थोडंच खाली. त्याच्या पाठीशी बिलिंग, जिथून आम्ही पॅराग्लायडर घेऊन हवेत उतरतो, ते २,४०० मीटरवर. गावातून चौदा किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आहे. बिलिंगच्याही मागे डोंगर चढत जातो, देवदार संपतात, कुरणं लागतात, मग नुसता खडक आणि बर्फ. ही रांग वायव्येकडे धर्मशाळेपर्यंत आणि पुढेही सलग जाते. आमच्यासाठी सगळं महत्त्व त्या सलगपणाला आहे.

तुम्ही विचारलं होतंत की इंजिन नाही तर पुढे नेतं कोण. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. तुमचं आयुष्य ओझरच्या कारखान्यात मिग-२१च्या कामात गेलं. गेल्या २६ सप्टेंबरला चंदीगडला त्या विमानांना निरोप दिला, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून हलला नव्हतात. तुमचं विमान ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर वेग असताना धावपट्टीला टेकायचं. माझा कापडी पंख हवेतून ताशी अडतीस-चाळीसनेच जातो, आणि जाताना सतत खाली येत असतो: स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक मीटर. एक मीटर खाली येताना नऊ-दहा मीटर पुढे सरकतो. हँग ग्लायडरचं हेच प्रमाण पंधराच्या घरात जातं. इथे १९८०च्या दशकात आधी आले ते हँग ग्लायडरवालेच. घडी करून पाठीवर घेता येणारं पॅराग्लायडर नंतर आलं आणि सगळीकडे पसरलं.

म्हणजे उंची हेच आमचं इंधन, आणि ते संपत आलं की हवेतच परत भरून घ्यायचं. सूर्य डोंगराची दक्षिणेकडची कुशी तापवतो, तिला लागलेली हवा गरम होऊन सुटते आणि बुडबुड्यासारखी वर निघते. त्याला थर्मल म्हणतात. कोरडी हवा वर जाताना दर हजार मीटरला जवळजवळ दहा अंश गार होत जाते. भोवतालच्या हवेइतकी गार झाली की तिचं चढणं थांबतं. त्याआधी तिच्यातल्या वाफेचे थेंब झाले, तर वर ढग दिसतो. आपण त्या खांबात शिरून गोल फिरत राहायचं, वर पोचलं की पुढच्या डोंगरसोंडेकडे निघायचं. सोंडेमागून सोंड असं जाणं म्हणजे क्रॉस कंट्री.

कामशेतला शिकलेलं इथे अपुरं पडतं हे कबूल करायला हवं. तिथे वारा टेकडीला आपटून वर चढतो, त्या पट्ट्यात येरझारा घालायच्या, पवनेचं पाणी बघायचं आणि संध्याकाळी समोरच्या शेतात उतरायचं. पाया पक्का होतो तो तिथेच. पण इथला डोंगर दुपारी स्वतःचं हवामान स्वतः तयार करतो. खोऱ्यातून वर येणारा वारा, दोन सोंडांमधल्या घळीतून अचानक सुटणारा वारा, पलीकडच्या सावलीच्या अंगाला खाली दाबणारी हवा, हे सगळं एकाच डोंगरावर एकाच वेळी चालू असतं.

उद्या-परवा हवा चांगली असेल असं सगळे म्हणतात. आईला सांगा, थंडीचे कपडे पुरेसे आणलेत.

तुमची,
मनू

•

बीर
१२ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न.

काल धर्मशाळेपर्यंत जाऊन आले. परतीत बीर गाठता आलं नाही, अलीकडेच उतरले. सुखरूप आहे. आता सविस्तर.

बिलिंगला सकाळी साडेनऊलाच गर्दी असते. टँडेमवाले पायलट पर्यटकांना पुढे बांधून एकामागून एक निघत असतात. रोज त्याच उतारावरून, वेगवेगळ्या वजनाच्या आणि घाबरलेल्या माणसाला घेऊन सुरक्षित उडायचं आणि सुरक्षित उतरवायचं, याला फार मोठं कौशल्य लागतं. त्यांचं कौतुक कुणी फारसं करत नाही. मी मात्र अकरा वाजेपर्यंत बसून राहिले. सकाळचं ऊन आधी पूर्वेकडच्या कुशीवर येतं, मुख्य अंग नंतर तापतं. घाईने निघालेले बरेच जण अर्ध्या तासात लँडिंगच्या मैदानावर उतरलेले दिसले.

वर पहिली गिधाडं फिरायला लागली तेव्हा पंख पसरला. हिमालयी गिधाडाचा पंखविस्तार अडीच-तीन मीटर, वजन आठ-दहा किलो. पंख न हलवता ती ज्या वेगाने वर जातात ते बघितलं की कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त कळतं. माझ्याकडे व्हेरिओ आहे. वर जाताना तो भरभर वाजतो, खाली जाताना घुमल्यासारखा आवाज काढतो. पण व्हेरिओ सांगतो ते आत्ताचं, गिधाड सांगतं ते दोनशे मीटर पुढचं. मी त्यांच्या खाली शिरले, त्यांच्याच दिशेने वळले. एक तर इतक्या जवळून गेलं की त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलेलं स्पष्ट दिसलं. साडेतीन हजारावर पोचले, बिलिंग पायाखाली लहान झालं.

तिथून पश्चिमेकडे. उजव्या हाताला बर्फाची भिंत, डाव्या हाताला कांगड्याचं खोरं, भाताची पिवळी-हिरवी खाचरं, बैजनाथ. तेराव्या शतकाच्या आरंभीचं ते शिवमंदिर एवढ्या उंचीवरून शोधावं लागतं. आणि खाली दरीतून रांगेला समांतर जाणारी ती छोटी रेल्वे, पठाणकोट ते जोगिंदरनगर, १९२९ सालची. तिचे पूल मला वरून खुणेला उपयोगी पडले.

बाबा, इथे मला तुमची आठवण झाली, आणि ती उगाच नव्हे. सातमाळेत तुम्ही मला मार्कंड्यापासून धोडपपर्यंत हिंडवलंत. एखाद्या खिंडीत थांबून विचारायचात, वारा कुठून येतो, पाणी कुठे उतरतं, ही सोंड खाली कुठल्या गावात जाते. मला तेव्हा कंटाळा यायचा. काल प्रत्येक सोंडेपाशी मी हेच तीन प्रश्न स्वतःला विचारत होते. सोंड जिथे तुटते तिथून थर्मल सुटतो. नाला जिथे उघडतो तिथून वारा येतो. आणि खाली गाव असेल तर उतरायला शेत असतं. लोक या खेळाला धाडस म्हणतात. मला तो डोंगर वाचण्याचा खेळ वाटतो, आणि वाचायला मी तुमच्याकडे शिकले.

अवघड जागा म्हणजे नद्यांच्या दऱ्यांची तोंडं. बिनवा, मग पालमपूरच्या वरची न्यूगल. तिथे रांग तुटते, दरी थेट बर्फापर्यंत आत जाते. ओलांडायला तीन-चार किलोमीटर सरळ सूर मारायचा, पलीकडे थर्मल मिळेलच याची खात्री नाही. आत शिरायचा मोह होतो, कारण आतलं दृश्य विलक्षण आहे. पण आत उतरायला जागा नाही. नुसता उतार, दगड आणि झाडं. मी अलीकडच्या सोंडेवर फिरत राहिले. सोबतचे दोघे कमी उंचीवर निघून गेले आणि खालच्या चहाच्या मळ्यांकडे सरकताना दिसले. मी ढगाच्या तळापर्यंत चढून मग सूर मारला. ढगात मात्र शिरायचं नाही. आत दिशा कळत नाही, आणि डोंगर कुठल्या बाजूला आहे तेही कळत नाही.

हिमानी चामुंडेचं देऊळ ज्या धारेवर आहे ती धार ओलांडली आणि पुढे त्रिउंडचं कुरण, खाली मॅकलिओडगंजची छपरं, आणखी खाली धर्मशाळेचं क्रिकेटचं मैदान, अगदी गोल. सरळ रेषेत चाळीस किलोमीटरहून थोडं अधिक. जगात हँग ग्लायडरवर एका दिवसात ७६४ किलोमीटर गेले आहेत, २०१२ साली, टेक्सासच्या सपाट प्रदेशात. माझं अंतर त्यापुढे काहीच नाही. पण तिथे खाली सगळीकडे रान आणि रस्ते, वाऱ्याच्या पाठीवर बसून जायचं. इथे एका बाजूला साडेचार हजारांची भिंत, आणि आलेल्या वाटेनेच परत फिरायचं.

त्रिउंडच्या वरून वळले तेव्हा दोन वाजून गेले होते. पश्चिमेकडून उंचावर ढगांचा पातळ थर आला होता. ऊन मंदावलं की थर्मल मंदावतात. न्यूगलपर्यंत ठीक आले. अलीकडच्या सोंडेवर मात्र मिळेल तेवढी हवा इतकी अशक्त होती की वर चढणं नाही आणि खाली जाणंही नाही, एकाच उंचीवर कितीतरी वेळ. हाताची बोटं गारठली होती. पलीकडे जाण्याइतकी उंची होती, पण पलीकडे काही मिळालं नसतं तर दरीच्या तोंडाशी, जोरात वाहणाऱ्या वाऱ्यात, खाली उतरावं लागलं असतं. आमच्यात अपघात होतात ते बहुधा जमिनीजवळ. उंची म्हणजे विचार करायला वेळ, असं जुने पायलट सांगतात. माझ्याकडे अजून तो वेळ होता, म्हणून रांग सोडून खोऱ्याकडे वळले. पालमपूरच्या पुढे भात कापून झालेलं एक लांबट खाचर निवडलं, विजेच्या तारा तीनदा बघितल्या, धूर कुठे जातो ते बघितलं आणि वाऱ्याला तोंड देऊन उतरले.

पंख गुंडाळून पाठीवर घेतला आणि रस्त्याला लागले. हिमाचलच्या सरकारी बसमध्ये तो मांडीवर बसवून बैजनाथपर्यंत आले. कंडक्टरने सामानाचे पैसे घेतले नाहीत.

मनू

•

बीर
१३ ऑक्टोबर

ती. बाबांस,

आज वारा पूर्वेचा आहे, कुणी उडत नाहीये. बरं झालं. खांदे दुखताहेत.

सकाळी गद्दी लोकांचे कळप रस्त्यावरून उतरत होते. उन्हाळाभर ते वर, थमसर खिंडीच्या पलीकडे रावीच्या उगमाकडच्या कुरणांत असतात, आता थंडीसाठी खाली येतात. बडा भंगाल नावाचं गाव त्याच बाजूला आहे. खिंड साडेचार हजारांच्या वर, हिवाळ्यात बंद, त्यामुळे तिथले बरेच लोक बीरलाच येऊन राहतात. एका म्हाताऱ्या गद्द्याला मी विचारलं की दुपारी वर वारा कसा असतो. त्याने हाताने दाखवलं की नाल्यात दुपारनंतर मेंढ्यादेखील बसवत नाहीत, धारेवर नेतात. पुढच्या वेळी न्यूगलपाशी मला हे उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. जेम्स मॅलिन्सन हे हठयोगाच्या संस्कृत ग्रंथांचे मोठे अभ्यासक, 'खेचरीविद्या' या ग्रंथाचं संपादन त्यांनी केलंय. रामानंदी संप्रदायात त्यांना २०१३च्या प्रयाग कुंभात महंत केलं. ते पॅराग्लायडिंगही करतात आणि हिमालयात क्रॉस कंट्री उडालेले आहेत. २०२७च्या सिंहस्थात वैष्णव आखाडे तपोवनात उतरतील तेव्हा अशी माणसंही त्यांत असतात हे लक्षात ठेवायला हवं. आपण साधूंना एकाच साच्यात बघतो.

आता एक काम तुमच्यासाठी. परवाच्या त्या गिधाडांमुळे मला अंजनेरी सारखी आठवतेय. तिथल्या कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. त्यांच्यावर आणि पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांवर गुरांच्या डायक्लोफिनॅकने जो घाला घातला, त्यातून ती जेमतेम वाचली आहेत. जनावराला ते औषध दिलं आणि ते मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे २००४ साली सिद्ध झालं, २००६ साली आपल्याकडे गुरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. हर्सूलजवळच्या खोरीपाड्याला गावकऱ्यांनी आणि वनखात्याने त्यांच्यासाठी खाण्याची सुरक्षित जागा केली, ते तुम्ही मला दाखवलं होतंत. तेव्हा मी पक्षी बघितले, त्यांचं उडणं नाही बघितलं.

माझ्या ओळखीतले एक-दोन जण म्हणतात की ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या कड्यावरून उडायला जागा शोधू. मी त्यांना नाही म्हणणार आहे. घरट्यांच्या काळात, म्हणजे हिवाळाभर, त्या कड्यासमोरून रंगीत कापड घेऊन फिरणं चूक आहे. शिवाय एकीकडे ओझरची धावपट्टी, दुसरीकडे देवळालीचा तोफखाना. नाशिकचं आकाश मोकळं दिसतं तेवढं मोकळं नाही, हे तुम्हाला जास्त ठाऊक. पण बघायला कुणाची हरकत नाही.

म्हणून दिवाळीनंतर एकदा सकाळी नऊच्या आत अंजनेरीच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर जाऊन बसा. दुर्बीण आणि वही घ्या. गिधाडं कड्यावरून सुटतात ती वेळ लिहा, आणि ती पंख मारणं कधी बंद करतात तेही. त्या मिनिटाला डोंगराची हवा चढायला लागलेली असते. मग कुठल्या बाजूला वळतात, किती वेळ फिरतात, कुठल्या धारेवरून दूर जातात हे लिहा. ढग असेल त्या दिवशी आणि कडक ऊन असेल त्या दिवशी, दोन्ही हव्यात. सह्याद्रीचा डोंगर हिमालयापेक्षा आधी तापतो की उशिरा, हे मला त्या नोंदींवरून कळेल. इतकं नेटकं तुमच्याशिवाय कुणी लिहिणार नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी नाशिकरोडला पोचते. आईला चकलीची भाजणी तेवढी ठेवायला सांगा, चकल्या मी आल्यावर करू. गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची,
मनू