डोव्हरचे पाणी आणि डोळ्यांवरचे गॉगल

डोव्हरला लोक जातात ते खडूचे पांढरे कडे पाहायला. मला ओढ होती ती खालच्या बंदरातल्या गोट्यांच्या किनाऱ्याची. इंग्लिश खाडी पोहू पाहणारी जगभरची मंडळी उन्हाळाभर इथे सराव करतात. १९५८ साली मिहिर सेन आणि १९५९ साली आरती साहा खाडी पार करून गेल्यामुळे आपल्याकडील पोहणारांनाही हे गाव परके नाही.

पोहण्याचा साधा पोशाख, एक टोपी आणि गॉगल, एवढ्यावरच पोहण्याचा इथला जुना शिरस्ता! पोशाख-टोपीवरून कुणी वाद घालीत नाही. वाद रंगतो तो गॉगलवरून. १८७५ मध्ये कॅप्टन वेब डोके वर ठेवून, बेडकासारखे हातपाय मारीत गेला. पुढे क्रॉल आला, तोंड पाण्यात गेले आणि डोळ्यांची पंचाईत झाली. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ले पोहली तेव्हा तिच्या गॉगलच्या कडा मेण वितळवून बंद केल्या होत्या.

आता मेण लागत नाही. पण चेहरा मात्र ज्याचा त्याचाच. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबावेत. क्षणभर चिकटून राहिले तर ते आपले, नाही तर किंमत कितीही असो, दुकानदाराला परत करावेत. सैल गॉगलचा पट्टा आवळून काम भागवणारे पुष्कळ. त्यांना तासाभराने कपाळशूळ आणि खारे पाणी दोन्ही मिळते.

तलावापेक्षा समुद्रात काच जरा मोठी बरी. मान उचलून नाव आणि किनारा शोधावा लागतो. आतल्या बाजूला वाफ धरू नये म्हणून लेप असतो, तो बोटाने पुसला की गेलाच. पट्टा टोपीखाली घ्यावा, म्हणजे लाट गॉगल पळवीत नाही.

रंगाचा निवाडा सूर्य करतो. डोव्हरहून फ्रान्सकडे जाताना तोंड आग्नेयेला. दिवस वर चढला की ऊन थेट समोरून येते. तेव्हा गडद काच हवी. रात्री निघणाराला मात्र तीच काच आंधळे करते, म्हणून त्याने पारदर्शक घालावी. उजाडल्यावर दुसरी जोडी सोबतच्या बोटीवरून काठीने किंवा दोरीने पुढे करतात. बोटीला हात टेकला की पोहणे बाद!