रामगढला जायचंय? मग रामनगरला उतरा!

सुट्टीत बंगळूरुला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. लालबाग, कब्बन पार्क, विधानसौधासमोर एक फोटो आणि मग म्हैसूरकडे प्रस्थान! हल्ली मुलांच्या हट्टापायी मध्ये आणखी एक थांबा आला आहे, तो म्हणजे बिडदी. म्हैसूर रस्त्यावर शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवरचं हे गाव. 2005 साली तिथं ‘वंडरला’ आलं आणि पुढे काही वर्षांत ‘इनोव्हेटिव्ह फिल्म सिटी’ उभी राहिली. सिनेमाचा सगळा थाट एका आवारात: चित्रीकरणाचे सेट, मेणाचे पुतळे, डायनासोर, भुताचा वाडा. कन्नड ‘बिग बॉस’चं घरही तिथलंच. फेब्रुवारी 2018 मध्ये त्या सेटला मोठी आग लागली. कालांतराने फिल्म सिटी बंद झाली आणि त्याच परिसरात ‘जॉलीवूड स्टुडिओज अँड ॲडव्हेंचर्स’ हे नवं सिनेमा-उद्यान आलं. सांडपाण्याच्या नियमांवरून ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारी आदेशाने ते काही दिवस बंद होतं, नंतर पुन्हा उघडलं. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

अशा उद्यानांत मुलं रमतात, यात शंका नाही. आम्ही पाच जण होतो: आम्ही दोघं, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. लेकीला प्रत्येक कमानीखाली फोटो हवा होता. चिरंजीवांनी मात्र एका भल्याथोरल्या खांबावर टिचकी मारली आणि जाहीर केलं, “आई, आतून पोकळ आहे!” सासूबाई सावलीतला बाक पकडून बसल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी एकच प्रश्न विचारला, “सगळं छान आहे गं, पण इथं सिनेमा कुठला झाला?”

त्या प्रश्नाचं उत्तर पुढे पंधरा-वीस किलोमीटरवर होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही रामनगरला गेलो.

म्हैसूरकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून रामनगरचे प्रचंड, गोलसर कातळ दिसू लागले की चाळिशीपुढचा प्रवासी सरळ होऊन बसतो. हे कुठंतरी पाहिलंय! पाहिलं असणारच. गब्बरसिंगचा अड्डा याच दगडांत होता. ऑक्टोबर 1973 मध्ये रमेश सिप्पींनी इथं ‘शोले’चं चित्रीकरण सुरू केलं आणि चित्रपट पडद्यावर आला तो 15 ऑगस्ट 1975 ला. ओसाड माळावर आख्खं रामगढ वसवण्यात आलं. ठाकूरची हवेली, देऊळ, मशीद, बाजाराची गल्ली, पाण्याची टाकी, सगळं. माणसं आणि सामान नेता यावं म्हणून हमरस्त्यापासून तिथवर रस्ताही केला गेला. हे गाव उभारणारे कलादिग्दर्शक होते राम येडेकर. धर्मेंद्र, अमिताभ यांची नावं घरोघरी माहीत आहेत. पण ज्या टाकीवर चढून वीरूने धिंगाणा घातला, ती कुणी बांधली हे सहसा कुणी विचारत नाही.

मराठी माणसांची यादी इथंच थांबत नाही. कालिया झालेले विजू खोटे आपले, इमामसाहेबांचा कोवळा अहमद म्हणजे आपला सचिन. आणि गंमत पाहा, एवढ्या गाजलेल्या चित्रपटाला फिल्मफेअर मिळालं ते फक्त एक, संकलनाचं. ते मिळवलं एम. एस. शिंदे यांनी.

सासूबाईंनी ‘शोले’ मुंबईत मिनर्व्हाला पाहिला होता. तिथं तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या अंगात जणू वीस वर्षांची मुलगी संचारली. “ठाकूरची हवेली कुठे होती?” त्यांनी वनखात्याच्या माणसाला हिंदीत विचारलं. त्याने हसून झुडपांकडे बोट दाखवलं. तिथं काहीही नव्हतं. चित्रीकरण संपल्यावर सेट काढून टाकण्यात आला. दिग्दर्शकाच्या नावावरून इथल्या वस्तीला ‘सिप्पीनगर’ म्हणू लागले, तेवढी खूण उरली. मग सासूबाई नातवंडांना सांगत बसल्या. विधवा जया दिवे मालवते आणि समोर अमिताभ माऊथ ऑर्गन वाजवतो, तो प्रसंग. कॅमेरामन द्वारका दिवेचांना त्यासाठी सूर्यास्तानंतरचा नेमका उजेड हवा होता. तो मिळे रोज काही मिनिटंच. त्या एका प्रसंगाला म्हणे वीसेक दिवस लागले! “एवढ्याशा सीनला?” लेकीने विचारलं. आदल्या दिवशी तिने तासाभरात वीस ठिकाणी फोटो काढून घेतले होते.

हा डोंगर म्हणजे रामदेवर बेट्ट. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर. पायऱ्या चढून वर गेलं की रामाचं देऊळ लागतं. पण आज डोंगराचे खरे मालक आहेत गिधाडं. 2012 मध्ये सुमारे 346 हेक्टरचा हा परिसर गिधाडांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने भारतभर गिधाडं झपाट्याने संपली. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडं निकामी होत. जनावरांसाठी त्याच्या वापरावर 2006 मध्ये बंदी आली. उरलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक.

2017 च्या सुमारास याच रामनगरात ‘शोले’चं आभासी गाव उभारायची कल्पना पुढे आली होती, आणि गिधाडांच्या काळजीपोटी तिला विरोध झाला. आमच्याही घरात यावरून दोन तट पडले. मुलाला ते गाव हवंच होतं. सासूबाईंना मात्र ठाम वाटलं, की पक्षी उडून गेले तर दगडांना काय अर्थ? माझं मत सासूबाईंच्या बाजूने. पाळण्यांसाठी बिडदी आहेच की!

रामनगरला बंगळूरु-म्हैसूर मार्गावरच्या पॅसेंजर गाड्या थांबतात. डोंगरावर सकाळी लवकर जा. दुपारी कातळ तापतात आणि सावली बेताचीच. पाणी बरोबर ठेवा, खाऊ मात्र पिशवीत बंद, कारण माकडं धीट आहेत. आरडाओरडा टाळा आणि जमल्यास दुर्बीण न्या. गावात रेशमाच्या कोशांचा भला मोठा बाजार भरतो, तोही मुलांना दाखवा. येताना बिडदीला ताटलीएवढी तट्टे इडली खायला विसरू नका. वेळ असेल तर पुढे चन्नपट्टण आहे. तिथली लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी पाहून आमच्या सासूबाईंना सावंतवाडी आठवली, आणि दर ऐकून त्यांनी थेट मराठीतच घासाघीस सुरू केली.