घरातील परदेशी वेल

दक्षिण मेक्सिको ते पनामा येथील दमट अरण्यांत वाढणारी मॉन्स्टेराची वेल आमच्या जळगावात क्वचितच कुणाकडे दिसते. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांकडे झुकतो. अशा कोरड्या हवेत ती जगेल का, ही चिंता आम्हांला होती.

कुंडी आम्ही पूर्वेच्या खिडकीपासून दोन हात आत ठेवली. कूलरचा ओलावा तिला मानवतो, झोत मात्र सोसत नाही. माती बोटभर खोल सुकल्याशिवाय पाणी द्यायचे नाही. (पानाचा तुकडा लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये, घशाची आग होते.)

धुळ्याहून आलेल्या मावशी म्हणाल्या, “पोरांनो, उन्हात ठेवा हिला.” परंतु १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या वेलीच्या भावकीतील एका जातीविषयी नवलाची गोष्ट आढळली. तिचे रोप जमिनीवरून उजेडाकडे नव्हे, तर काळोखाकडे सरपटते. कारण जाड बुंधा तेथेच असतो. तो सापडला की मग ते प्रकाशाकडे चढू लागते.

आम्ही काथ्या गुंडाळलेली काठी रोवली. वेलीची हवेतील मुळे तीत शिरली. आधीची पाने अखंड होती; चढू लागल्यावर आलेल्या एका पानाला प्रथमच खाचा पडल्या. मावशींनी ते निरखून पाहिले आणि विचारले, “कीड लागली का रे?”