विचारल्यावांचून

प्रश्न विचारणाऱ्याचा कंटाळा येणें हा मनुष्यस्वभावच आहे. दारांत अडवून "कोण आपण? काम काय?" असें पुसणारा रखवालदार आपणांला आवडत नाहीं, तराजूंत गठ्ठा टाकण्यापूर्वीं "हें सगळें न्यायचें ना?" असें दोनदां विचारणाऱ्या रद्दीवाल्यावरहि आपण उगीच खेंकसतों. तेच प्रश्न यंत्रानें विचारले म्हणजे तर आपला धीर अगदींच सुटतो. या कंटाळ्यापायीं गेल्या उन्हाळ्यांत आमच्या हातून एक गोष्ट घडली. ती सांगण्यांत आम्हांला भूषण नाहीं. पण मनांत ठेवून ती हलकी होत नाहीं, म्हणून वाचकांपुढें मांडतों.

आमचे एक स्नेही तालुक्याच्या गांवीं शिक्षक आहेत. त्यांच्या शाळेंतील संगणकांच्या खोलींत २४ यंत्रें आहेत. तीं वयानें थकलीं होतीं, आणि त्यांवरील ऑपरेटिंग सिस्टिम त्यांना पेलेनाशी झाली होती. ती पुसून सर्वांवर डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसवून द्यावी, अशी त्यांनीं गळ घातली. व थोडें ज्ञान आणि पुष्कळ हौस यांच्या बळावर आम्हीं तें काम पत्करलें.

पहिलें यंत्र आम्हीं रूढ रीतीनें, पेन ड्राइव्ह लावून, तयार केलें. इन्स्टॉलर, म्हणजे प्रणाली बसवून देणारा प्रोग्राम, आरंभींच भाषा विचारतो. त्या यादींत मराठी पाहून आम्हांला बरें वाटलें. मग देश, कीबोर्ड, यंत्राचें नांव, परवलीचा शब्द. आणि पुढें डिस्कची पाळी आली म्हणजे, केलेले बदल डिस्कवर लिहूं ना, असा प्रश्न. त्या ठिकाणीं "नाहीं" हेंच उत्तर आधीं निवडलेलें असतें. "होय" आपण हातानें निवडावें लागतें. एवढें सारें चोवीस वेळां करण्याची कल्पनाच आम्हांला सोसेना. तेव्हां आम्हीं जाळ्याच्या मार्गानें जाण्याचें ठरविलें.

हा मार्ग मोठा चतुर आहे, यांत शंका नाहीं. त्याचें मूळ १९८५ सालीं बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनीं लिहिलेल्या 'बूटपी' या नियमांत सांपडतें. ज्या यंत्रांत स्वतःची डिस्कच नाहीं, त्याला आपला पत्ता आणि आपणांस चालूं करणारी फाइल कोठें आहे हें जाळ्यावरून कळावें, हा त्याचा हेतु. पुढें त्यांतून 'डीएचसीपी' आली, आणि १९९९ सालीं इंटेल कंपनीनें 'पीएक्सई'ची २.१ ही आवृत्ति प्रसिद्ध केली. यंत्र चालूं होतांच तें तारेवर सर्वांना ऐकूं जाईल अशी हांक मारतें: माझा पत्ता काय, आणि मला उठविणारा कोणी आहे काय? सर्व्हर त्याला पत्ता देतो व कोणती फाइल कोठून घ्यावी तें सांगतो. मग ती फाइल 'टीएफटीपी' नांवाच्या साध्या रीतीनें येते. मूळ नियमाप्रमाणें ५१२ बाइटांचा एक घांस पोंचल्याची पावती मिळाल्यावांचून दुसरा निघत नाहीं. या व्यवहारांत कोणी नांव विचारीत नाहीं, कीं परवलीचा शब्द मागत नाहीं.

इन्स्टॉलरच्या प्रश्नांची सोयहि करतां येते. त्याचीं सर्व उत्तरें एका फाइलींत आधींच लिहून ठेवावीं, म्हणजे तो फाइल वाचतो व गप्प बसतो. आम्हीं तशी फाइल लिहिली. डिस्कविषयींच्या प्रश्नापुढें "होय" लिहितांना आमचा हात क्षणभरहि थबकला नाहीं. उलट, एका ओळींत चोवीस प्रश्नांचीं तोंडें बंद केलीं, याचें आम्हांला कौतुकच वाटलें.

संध्याकाळीं एकेका यंत्रापाशीं जाऊन, चालूं होतांना कळ दाबून, आम्हीं त्याला जाळ्याची वाट दाखविली. पहिल्या यंत्रालाहि इतरांसारखें व्हावें म्हणून पुन्हां रांगेंत बसविलें. रात्रीं नऊच्या सुमारास चोवीसहि पडद्यांवर एकच चित्र झळकूं लागलें. सकाळीं इतर शिक्षकांना हा चमत्कार दाखवावा, या मोहानें आम्हीं सर्व्हर तसाच चालूं ठेवला व झोंपावयास गेलों.

सकाळीं शाळेंत पोंचलों, तों ग्रंथपाल बाई दारांतच उभ्या. शाळा उघडण्यापूर्वीं पुस्तकांची मोजदाद करावी म्हणून त्या लवकर आल्या होत्या. भिंतीपलीकडच्या त्यांच्या खोलींतील संगणक त्याच तारेवर होता. त्यांनीं तो सुरू केला आणि खिडक्या उघडून धूळ झटकीपर्यंत पडद्यावर अनोळखी अक्षरें धांवूं लागलीं. त्या यंत्राच्या मांडणींत, आधीं जाळ्यावर हांक मारावी व उत्तर न आलें तर स्वतःच्या डिस्ककडे वळावें, असा क्रम कोणीं तरी कधीं काळीं लावलेला होता. आजवर रोज त्याची हांक वायां जात असे. त्या दिवशीं मात्र उत्तर मिळालें, आणि तें उत्तर आमचें होतें.

पुस्तकांची दाखल नोंदवही कागदावर होती, ती वांचली. पण अकरा वर्षांच्या नोकरींत बाईंनीं प्रत्येक मुलाविषयीं लिहिलेलीं टिपणें त्या एकाच डिस्कवर होतीं. कोणता मुलगा शिकारीच्या गोष्टींवरून प्रवासवर्णनांकडे वळला, कोणती मुलगी एकच पुस्तक चारदां नेते, कोणाला चित्रांवांचून वाचवत नाहीं, हें सारें त्यांत होतें. आम्ही दोन दिवस डिस्क धुंडाळीत बसलों. जेथें तीं टिपणें होतीं, तेथें नवी प्रणाली लिहिली गेली होती. हातीं कांहींएक लागलें नाहीं.

बाई रागावल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, "त्यानं मला एकदां विचारलं असतं, तर मी नाहीं म्हटलं असतं."

तो तर विचारणारच होता. त्याच्या कर्त्यांनीं तेवढ्यासाठींच तो प्रश्न घातला होता, आणि "नाहीं" हें उत्तर आधींच निवडून ठेवलें होतें. बाईंच्या वतीनें "होय" आम्हीं लिहिलें. आणि ज्याचें उत्तर दुसऱ्याच्या मालकीचें होतें, तें आपण लिहीत आहों, हें आमच्या ध्यानींमनींहि नव्हतें.

दुसरी चूक याहून साधी होती. आम्हीं वापरलेला पीएक्सलिनक्स हा प्रोग्राम येणाऱ्या यंत्रासाठीं आधीं त्याच्या स्वतःच्या नांवाची फाइल शोधतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला बारा अंकाक्षरांचा पत्ता असतो. त्या पत्त्याची फाइल मिळाली तर तींतील आज्ञा तो पाळतो. तशी नसेल तर शेवटीं 'डिफॉल्ट' नांवाच्या, कोणाहि आल्यागेल्यासाठीं ठेवलेल्या फाइलीकडे वळतो. चोवीस पत्ते टिपून घेण्याचा कंटाळा करून पुसण्याची आज्ञा आम्हीं त्या शेवटच्या फाइलींत ठेविली होती.

पुढें आम्हीं तें सर्व उलटें केलें. चोवीस यंत्रांचे पत्ते वहींत उतरून प्रत्येकाची निराळी फाइल केली, आणि अनोळखी यंत्रासाठीं एकच आज्ञा ठेविली: तूं आपल्या डिस्कवरून चालूं हो. उत्तरांच्या फाइलींतून डिस्कविषयींची ती ओळहि काढून टाकली. आतां शाळेंत पुन्हां प्रणाली बसवावयाची वेळ आली, म्हणजे बाकीचें सारें आपोआप होतें. त्या प्रश्नापाशीं मात्र इन्स्टॉलर थांबतो, आणि आम्हांला प्रत्येक यंत्रापाशीं जाऊन, तें कोणाचें आहे हें पाहून, कळ दाबावी लागते. यांत अर्धा तास जातो.

बाईंच्या खोलींत त्यानंतर आम्ही सात रविवार गेलों. दाखल नोंदवही त्यांनीं वाचावी व आम्हीं ती टंकावी, असें चाललें. टिपणांचा विषय आम्हीं काढला नाहीं. शेवटच्या रविवारीं त्यांनींच एक कोरी वही पुढें ओढली, आठवेल तेवढें लिहिलें, आणि बेचाळीस नांवांवर थांबल्या.