अपघाताची चौकशी

विमानात बसण्याचा योग आमच्या घराण्यात कोणास येण्यापूर्वी कितीतरी वर्षे विमानाचा अपघात मात्र आमच्या घरी येऊन राहिला होता. जुन्या गोष्टी निघाल्या म्हणजे नागपूरच्या विमानाची गोष्ट हटकून निघे, व ती सांगण्याचा मान आईचा असे. ती ऐकणारी बहुतेक माणसे आता राहिली नाहीत. सांगणारीही गेली. तेव्हा ती गोष्ट एकदा घडली तशी लिहून ठेवावी, असे मनात आले आहे.

आमचे गाव रोहिणखेड. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी ते वसले आहे. १४३७ साली येथे बहामनी सैन्याने खानदेशच्या नसीरखानाचा पराभव केला आणि गावातील जुनी मशीद सोळाव्या शतकातील आहे, एवढे सांगितले की आमच्या गावाचे मोठेपण सांगून संपते. ज्या १९५३ सालाविषयी आम्ही लिहीत आहो, त्या साली वऱ्हाड मध्यप्रदेशात होता व नागपूर ही आमची राजधानी होती. तेथे जावयाचे तर मोटारीने मलकापूर गाठावे आणि पुढे आगगाडी धरावी. गावचे टपालही त्याच वाटेने जाई.

परंतु नागपुरास पोचल्यावर त्या टपालाला पंख फुटत. ३० जानेवारी १९४९ पासून देशात रात्रीची विमानटपाल सुरू झाली होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, तेथे थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि पहाटेपूर्वी ती परत फिरत. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साधी पत्रेही जादा हशील न घेता विमानाने नेण्याचा परिपाठ पडला. नकाशावर मुंबई व नागपूर यांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर ती आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून, चिखली-मेहकराच्या बाजूने जाते. म्हणजे विमान काही रोहिणखेडावरून जात नसे. तरीही थंडीच्या रात्री अंगणात बसलेली वडील माणसे दक्षिणेकडे बोट दाखवून "तो पाहा, टपालाचा दिवा!" असे म्हणत, आणि आम्ही मुले कोणत्याही ताऱ्याकडे पाहून होकार देत असू.

आमचे दादा त्या काळी मद्रासेस नोकरीस होते. डिसेंबरात ताईचे लग्न जमले. पौष लागण्यापूर्वी साखरपुडा उरकून घ्यावा असा मुलाकडच्यांचा आग्रह पडला व शुक्रवार, १८ डिसेंबर ही तारीख ठरली. नानांनी दादास पत्र लिहिले. त्याखाली आईने आपल्या हाताने दोन ओळी घातल्या. त्या दोन ओळींस तिला अर्धा तास लागला होता, कारण लिहिण्याची सवय तिला मुळीच नव्हती. गुरुवारी, १० तारखेस, शाळेत जाताना ते पाकीट पेटीत टाकण्याचे काम आम्हांकडे आले. आमचे वय तेव्हा आठ वर्षांचे होते.

त्यानंतरच्या शनिवारी, १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे, सोनेगावाहून मद्रासकडे निघालेले डाकोटा विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. एका इंजिनाने दगा दिला, अंधारात परत उतरण्याचा प्रयत्न फसला, आणि विमान पेटले. दहा उतारू व तीन कर्मचारी असे तेरा जीव गेले, आणि मुख्य वैमानिक तेवढा वाचला. मृतांत कामगारांचे पुढारी व लोकसभेचे सभासद हरिहरनाथ शास्त्री हे होते. आठ खाजगी कंपन्या एकत्र करून सरकारी हवाई महामंडळ स्थापन झाल्याला जेमतेम चार महिने लोटले होते. नानांनी ही बातमी ओसरीवर वाचून दाखविली, ऐकणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि लग्नघरच्या गडबडीत ती मागे पडली.

साखरपुड्याच्या दिवशी आई सकाळपासून मोटारीच्या रस्त्याकडे पाहत होती. दादा आले नाहीत. दहाबारा दिवसांनी त्यांचे पत्र आले. ताईची बातमी त्यांस दुसऱ्याच कोणाकडून कळली होती, आणि "परक्यासारखे मला वगळले" असे एक वाक्य त्या पत्रात होते. आई ते ऐकून भिंतीशी बसून राहिली. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बोटे मोजण्यास आरंभ केला. गुरुवारी पत्र पेटीत पडले, शुक्रवारी मलकापूरच्या गाडीने नागपूर, शुक्रवारी रात्री विमान. "अगो, आपले पत्र त्या विमानात होते!" असे ते म्हणाले, आणि आईने दोन्ही हात जोडून कपाळास लावले.

त्या वेळी ते पाकीट आमच्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात होते.

गुरुवारी वाटेत गोट्यांचा डाव रंगला होता व पत्राचा आम्हांस साफ विसर पडला होता. दादांचे पत्र वाचले जात असताना ते एकदम आठवले. कोणी विचारले असते तर आम्ही रडत कबूल केले असते, असे आजही वाटते. परंतु कोणी विचारलेच नाही. आम्हांस खोटे बोलावे लागले नाही, केवळ गप्प राहावे लागले. दुसऱ्या दिवशी आई पाण्याला गेली असता आम्ही ते पाकीट चुलीत घातले. पत्र जळाले ही आईची समजूत अशा रीतीने खरीही झाली, मात्र ते जळाले आमच्याच घरात.

नानांनी सर्व हकीकत मद्रासेस कळविली. दादांचा राग तत्काळ निवळला, उलट आपण तसे वाक्य लिहिले याचा त्यांस जन्मभर खेद वाटत राहिला. आईचे तर त्या विमानाशी नातेच जडले. पुढे विमान पडल्याची बातमी आली की तिला सोनेगाव आठवे. ७ जुलै १९६२ रोजी जुन्नरजवळच्या डोंगरावर इटलीचे विमान आदळून ९४ माणसे गेली, तेव्हा ती रात्री जेवली नाही. "कोणाकोणाची पत्रं असतील रे त्यात," असे ती म्हणाली. घाटकोपरच्या टेकडीवर १२ जुलै १९४९ रोजी पावसाळी धुक्यात डच विमान आदळून ४५ जण गेले होते, त्यातही अमेरिकेचे तेरा वार्ताहर होते, हे आम्हीच तिला वाचून दाखविले. तेरा हा आकडा ऐकताच ती म्हणाली, "आपल्या विमानातही तेराच." आपल्या विमानात! ज्या तेरा माणसांशी आमचा काडीचा संबंध नव्हता, त्यांचे सुतक एका न टाकलेल्या पत्राच्या आधारावर ती इमानाने पाळीत होती. आम्ही समोर बसून ऐकत होतो.

त्या अपराधी कुतूहलानेच की काय, विमान-अपघातांच्या चौकश्या वाचण्याचा नाद आम्हांस लागला. जुन्नरच्या अपघाताचे कारण असे निघाले की आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहो अशी वैमानिकांची चुकीची समजूत झाली व ते वेळेपूर्वीच खाली उतरू लागले. १९५४ च्या जानेवारीत व एप्रिलात 'कॉमेट' जातीची दोन जेट विमाने भूमध्य समुद्रावर फुटली. तेव्हा समुद्रतळाशी गेलेले तुकडे वेचून काढण्यात आले, आणि इंग्लंडात फार्नबरो येथे त्याच जातीचे एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याला पुन्हा पुन्हा दाब देण्यात आला. अखेर खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला. ताण सोसून सोसून धातू थकतो, हे सर्वांस दिसले आणि पुढील विमाने त्या ज्ञानावर बांधली गेली. चौकशीचा हेतू कोणास सुळावर देणे हा नसून तोच अपघात पुन्हा न होऊ देणे हा आहे, असे तत्त्व या विद्येने आज सर्व जगात मान्य केले आहे.

हे वाचीत असता आमच्या मनात येई की घरांमध्ये नेमके याच्या उलट चालते. आपल्याकडे अपघात झाला की प्रथम शोध होतो तो सोयीच्या कारणाचा. ते सापडले, सर्वांचे समाधान झाले, की तपास बंद! आमच्या घरी तर ते कारण इतके सोयीचे निघाले की त्याने मायलेकांतील अढी नाहीशी केली. मग सत्य सांगून कोणाचे भले होणार होते, असा युक्तिवाद आम्ही पुष्कळ वर्षे स्वतःशी केला. तो सर्वस्वी खोटा आहे असे नाही. पण त्यात एक गोष्ट लपते. आठव्या वर्षी सत्य सांगितले असते तर आम्हांस दोन चापट्या बसल्या असत्या व संध्याकाळपर्यंत सर्व हसले असते. विसाव्या वर्षी ते सांगणे कठीण झाले, आणि चाळिसाव्या वर्षी, आईच्या पांढऱ्या केसांकडे पाहता, अशक्य. धातूप्रमाणे मौनासही ताण साचत जातो.

आई गेली, नाना तिच्या आधीच गेले होते. दादांच्या अखेरच्या दुखण्यात आम्ही त्यांच्या उशाशी बसलो असता त्यांनी आपण होऊन विषय काढला. "त्या पत्रात आईने काय लिहिले होते रे? तुला आठवते का?" असे त्यांनी विचारले. आम्हांस ते आठवत होते. चुलीत घालण्यापूर्वी पाकीट फोडून आम्ही वाचले होते. 'दादा, तू आल्याशिवाय मी ताईची ओटी भरणार नाही,' अशा त्या ओळी होत्या. आणि तिला ती भरावी लागली होती. आम्ही दादांस म्हणालो, "आठवत नाही." आमच्या आयुष्यातील या प्रकरणी उघड खोटे बोललो ते त्या दिवशी, व तेवढेच.

म्हणून हा अहवाल. गुरुवार, १० डिसेंबर १९५३ रोजी रोहिणखेड येथे एक पत्र पेटीत पडले नाही. सोनेगावच्या विमानाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या तेरा जणांवर आमच्या घरचा हा भार उगाच पडला होता, तो आम्ही उतरवून घेत आहो. दोष आमचा.