आडनावाचा रकाना

आमच्या वाशीम जिल्ह्यात मुसलमानांची नावे अनेकदा अशी असतात: शेख रहीम शेख करीम. मुलगा शेख रहीम, बाप शेख करीम. आता यात आडनाव कोणते लिहायचे? शेख तर नावाच्या आधीच येऊन गेले. कागदी फॉर्मवर कारकून समजून घेतो. ऑनलाइन फॉर्मवर मात्र आडनावाचा रकाना रिकामा दिसला की लाल अक्षरे उमटतात.

मी असे फॉर्म बनवतो. ही लाल अक्षरे दाखवते ती जावास्क्रिप्ट. माहिती सर्व्हरकडे जाण्याआधी ब्राउझरमध्येच ती तपासते. पण सगळे ब्राउझर सारखे नसतात. विंडोज एक्सपीवर इंटरनेट एक्सप्लोरर 8 च्या पुढचा चालतच नव्हता. 'हा रकाना आवश्यक' ही एचटीएमएल 5 ची खूण त्याला कळत नाही. ती एक्सप्लोरर 10 पासून कळू लागली. नावाच्या मागेपुढे पडलेली मोकळी जागा काढणारे 'ट्रिम'ही त्याच्याकडे नाही. अशा ओळीवर तो अडला की तपासणी तिथेच थांबते. फॉर्म पाठवण्याचे काम स्क्रिप्टवरच सोपवले असेल, तर बटण दाबून काहीच होत नाही. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, नेट कॅफेत रांग, आणि पोराला वाटते, चूक आपलीच.

उपाय अवघड नाहीत. ब्राउझरचे नाव विचारू नये, हवी ती सोय त्यात आहे का ते पाहावे. नसेल तर दोन ओळींत आपण लिहावी. स्क्रिप्ट बंद पडली तरी फॉर्म जायला हवा. खरी तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते, कारण ब्राउझरमधली कोणालाही बंद करता येते. नाव मराठीत घ्यायचे असेल तर 'ए ते झेड'चा नियम चालत नाही. देवनागरी अक्षरांसोबत काना-मात्राही मान्य करावे लागतात.

एवढे सगळे केले, की फॉर्म जुन्या-नव्या प्रत्येक ब्राउझरमध्ये चालतो. पण मग आडनावाची सक्तीही प्रत्येक ब्राउझरमध्ये बिनचूक चालते! शेख रहीमला आधी जुना संगणक अडवत होता, आता नियम अडवतो. तो आडनावात 'शेख' लिहितो, कधी नुसते टिंब देतो, आणि पुढे आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून हेलपाटे घालतो.

म्हणून मी आता एकच रकाना ठेवतो: पूर्ण नाव, कागदपत्रावर आहे तसे. त्याला तपासणीही एकच, रकाना रिकामा नसावा. ती एक्सप्लोरर 6 मध्येसुद्धा चालते.