कर्कटकाला आकडे येत नाहीत

कंपासपेटीतली सगळ्यांत बिनकामाची वस्तू कोणती, यावर आमच्या मिरजेच्या शाळेत दुमत नव्हतं. डिव्हायडर. दोन्ही पायांना सुईसारखी टोकं, पेन्सिल अडकवायला जागा नाही, परीक्षेत त्याचं नाव कधी निघत नाही. त्याने बाकावर नावं कोरायची आणि पेरूला भोकं पाडून त्यांत तिखटमीठ भरायचं. त्याच्या खालोखाल दोन गुण्ये. एक पंचेचाळीसचा, एक तीस-साठचा, दोन्ही वर्षभर कोरे करकरीत. हरवावेत म्हणून सोडून दिले तरी हरवत नसत. हरवायचा तो खोडरबर.

माझी पेटी थोरल्या आतेभावाकडून आलेली. पत्र्याची, कॅम्लिनची, झाकणाचा रंग कडेने खरवडलेला. मुंबईत 1931 साली शाईची पूड विकायला सुरुवात करणाऱ्या दांडेकरांचा उंट आमच्यासारख्या घरांत असा पिढीजात यायचा. पुस्तकं बदलायची, पेटी तीच राहायची. पाचवीला हायस्कुलात गेल्यावर ती माझ्या हातात पडली आणि पहिली दोन वर्षं तिच्यात भूमिती जवळपास नव्हतीच. चिंचोके होते, एसटीचा पास होता, घडी घालून ठेवलेली दहाची नोट होती, आणि एका मैत्रिणीने दिलेलं मोरपीस, जे पिल्लं घालेल अशी आमची खात्री होती.

गणिताचा तास तेव्हापर्यंत म्हणजे उत्तराचा तास. आजोबांना पावकी, निमकीपासून औटकीपर्यंत सगळं पाठ होतं, आणि साडेतीन पट करायला माणसाला कागद लागतो याचं त्यांना प्रामाणिक आश्चर्य वाटायचं. माझी मजल तिसाच्या पाढ्यापर्यंत. उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर असायचं, आपलं त्याच्याशी जुळलं की बरोबर, नाही जुळलं की चूक. यात काही गैर आहे असं मला आजही वाटत नाही. पाढे यायलाच हवेत. पण सातवीच्या एका तासाला हे सगळं जरा तिरकं झालं.

सरांनी सगळ्यांना मनाला येईल तसा त्रिकोण काढायला सांगितला. मग कोनमापकाने तिन्ही कोन मोजा, बेरीज करा. आम्ही मान खाली घालून मोजलं. ते एकेकाला उभं करून उत्तर विचारत गेले आणि फळ्यावर लिहीत गेले. 178. 181, हे माझं. 183. 179. कुणाचं तरी 176 आलं तेव्हा वर्ग हसला. दोघातिघांचं नेमकं 180 आलं होतं. मधल्या सुट्टीत कळलं की त्यांनी तिसरा कोन मोजलाच नव्हता, थेट वजाबाकी केली होती. सरांना ते बहुधा तिथेच कळलं असावं, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, की पुस्तक म्हणतं 180, तुम्ही म्हणता 176 ते 183, तर आता पुस्तक खोटं की तुम्ही?

आमचं एकमत होतं की आम्ही. सातवीतल्या मुलांना स्वतःच्या खोटेपणाबद्दल शंका नसते.

मग त्यांनी सगळे आकडे डस्टरने पुसले. एक ओबडधोबड त्रिकोण काढला आणि त्याच्या शेंड्यातून पायाला समांतर एक रेषा. शेंड्याशी आता तीन कोन एकाला एक लागून झाले. डावीकडचा पायाच्या डाव्या कोनाएवढा, कारण ते व्युत्क्रम कोन. उजवीकडचा उजव्याएवढा, त्याच कारणाने. मधला त्रिकोणाचा स्वतःचा. तिन्ही मिळून एक सरळ रेषा, म्हणजे 180 अंश. फळ्यावर एकही माप नव्हतं. ते म्हणाले, आता हा त्रिकोण कितीही वाकडा काढा, माझा घ्या, शेजारच्या तुकडीतला घ्या, अजून कुणी काढला नसेल तो घ्या.

अजून कुणी काढला नसेल तो, हे वाक्य मला फार वेळ पुरलं. चाळीस मुलांनी चाळीस त्रिकोण मोजून जे जमलं नाही, ते न मोजता एका रेषेने झालं होतं, आणि तेही सगळ्या त्रिकोणांसाठी एकदम. पाचवी ते आठवीच्या गणिताच्या तासाकडून नेमकी कसली अपेक्षा ठेवावी, असं मला कुणी विचारलं (मी आता राहते त्या बंगळुरूत पालक हे फार विचारतात), तर माझ्याकडे हीच एक गोष्ट आहे सांगायला. या वयात कधीतरी मुलाला हे भेटायला हवं की एखादी गोष्ट मोजल्याशिवायही पक्की माहीत असू शकते. बाकीचं, म्हणजे अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी, नळ आणि टाक्या, येत राहतं.

तेव्हापासून पेटीतलं कर्कटक मला वेगळं दिसायला लागलं. पट्टीवर आकडे असतात, कोनमापकावर असतात. कर्कटकाला आकडे येत नाहीत. त्याला एवढंच येतं की पाय जितके फाकले तितके धरून ठेवायचे, आणि स्क्रू सैल असेल तर तेही नाही. पण तेवढ्यावर रेषाखंडाचा बरोबर मध्य सापडतो. एका टोकावर सुई ठेवून निम्म्याहून जास्त अंतराचा कंस, तेवढ्याच अंतराने दुसऱ्या टोकावरून कंस, दोन छेद जोडा. रेषाखंड किती सेंटिमीटरचा होता, हे शेवटपर्यंत कुणी विचारलेलं नसतं. युक्लिडच्या पुस्तकातली अगदी पहिली रचना, दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण, अशीच दोन वर्तुळांनी होते. त्याची पट्टीसुद्धा खुणा नसलेली.

दहावीनंतर पेटीचं काम संपलं. सांगलीला इंजिनिअरिंगला मोठा ड्रॉइंग बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर आला, पुढे संगणक आला, आणि नोकरीसाठी बंगळुरूला निघताना आईने त्या पत्र्याच्या पेटीत सुया, रिळं आणि सेफ्टी पिना भरून दिल्या. बीटीएम लेआउटच्या पीजीत ती बटणपेटी म्हणून प्रसिद्ध होती. कर्कटक मात्र मी काढलं नाही. डिव्हायडर कुठे गेला, देव जाणे.

नंतर कितीतरी वर्षं माझं ऑफिस आउटर रिंग रोडवर होतं. कृष्णराजपुरमचा झुलता पूल, मरतहळ्ळी, बेळ्ळंदूर, मग अगर आणि सिल्क बोर्ड. हा पट्टा बंगळुरूकरांना फक्त ट्रॅफिकसाठी माहीत असतो. त्यात मेट्रोचे खांब उभे राहायला लागले आणि बसमध्ये पुस्तक वाचून संपायला लागलं. अशाच एका पुस्तकात मला कळलं की मी रोज ज्या बाजूने रखडत होते, साधारण तिथेच 1800 साली ऑक्टोबर ते डिसेंबर विल्यम लॅम्टनची माणसं शंभर फुटी पोलादी साखळी जमिनीलगत सरकवत होती. टिपूचं श्रीरंगपट्टण पडून जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि त्या लढाईत स्वतः लॅम्टन होता. कृष्णराजपुरम ते अगर, सात मैलांहून थोडी जास्त, अशी एक सरळ रेषा त्याने मोजली. उन्हाने पोलाद लांबतं म्हणून थर्मामीटर ठेवून, साखळी लाकडी पेट्यांत निजवून, खाली तिवया लावून. अख्खे दोन महिने, सात मैलांसाठी. आमची बस त्यामानाने बरी म्हणायची.

एवढी मिजास कशासाठी, तर पुढे काही मोजायचंच नव्हतं म्हणून. एक बाजू पक्की कळली की तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीकडे पाहायचं, दोन कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन, त्रिकोण ठरला. सातवीच्या रचनेचा दुसरा प्रकार. उरलेल्या दोन बाजू हिशेबाने येतात, आणि त्यांच्यावर पुढचे त्रिकोण उभे राहतात. 10 एप्रिल 1802 ला मद्रासला सेंट थॉमस माउंटजवळ त्याने नवी पायारेषा धरली आणि महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची रीतसर सुरुवात झाली. त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो पश्चिमेकडे आला. 1804 मध्ये बंगळुरूला पुन्हा एक रेषा साखळीने मोजली, केवळ पडताळ्यासाठी. मद्रासहून निव्वळ कोनांच्या हिशेबाने आलेली लांबी आणि साखळीने मोजलेली लांबी यांत फरक निघाला तो काही इंचांचा. मधे जवळपास तीनशे किलोमीटर डोंगर, तळी, जंगल. मी ते वाचलं तेव्हा बस बेळ्ळंदूरला उभी होती, आणि सरांनी फळा पुसला तो आवाज आठवला.

लॅम्टन पुढे त्रिकोण घेत उत्तरेला सरकत राहिला आणि जानेवारी 1823 मध्ये, नागपूरच्या वाटेवर, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. लॅम्टनचं नाव हिंगणघाटकरांनाही विचारून पाहावं लागेल.

आता माझी मुलगी मिडल स्कूलमध्ये आहे. या शहरात सहावीपासून ‘फाउंडेशन’ नावाचा प्रकार सुरू होतो, म्हणजे सहा-सात वर्षांनी येणाऱ्या जेईईची पायाभरणी. शनिवार-रविवार, भल्या मोठ्या फीसकट. त्यात मुलं भराभर उत्तरं काढायला शिकतात. वेगाला माझा विरोध नाही. शकुंतलादेवी याच बंगळुरूच्या, आणि 1980 मध्ये लंडनला त्यांनी तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार 28 सेकंदांत सांगितला, त्याला मीही टाळी देईन. पण तेरा वर्षांच्या मुलाला जे शिकायचंय ते सावकाशीचं काम आहे, आणि माझ्या मते हे क्लासेस ते बिघडवतात.

शाळेचं पुस्तक मात्र मला आवडलं. एनसीईआरटीचं ‘गणित प्रकाश’, सहावीचं 2024 मध्ये आलं. शून्याखालच्या संख्या त्यात लिफ्टने शिकवल्या आहेत, तळमजला शून्य आणि त्याखाली उणे मजले. आमच्या अपार्टमेंटमधल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. त्यांच्या सायकली उणे दोनवर असतात. आणि पानं उलटता उलटता भेटले देवळालीचे कापरेकर मास्तर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, नाशिकजवळच्या शाळेत शिकवत शिकवत आकड्यांशी खेळणारा माणूस. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत इतकंच. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतं, आणि मग तिथून हलत नाही. मुलगी हे रिंग रोडवर गाड्यांच्या नंबरप्लेटवर करते. 3524: 5432 वजा 2345, 3087. मग 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358. “आलं!” ड्रायव्हरने एकदा आरशातून विचारलं, येनु बंतु? काय आलं? तिने त्याला त्याच्याच गाडीचा नंबर घेऊन कन्नडमध्ये समजावलं आणि सिग्नल सुटेपर्यंत त्याने ऐकून घेतलं.

मागच्या चाचणीत तिचा एक गुण गेला. लंबदुभाजक काढायचा होता. तिने पट्टीने मध्य मोजला, कोनमापकाने नव्वद अंश लावले, रेषा सुरेख काढली. उत्तर बरोबर, गुण शून्य. पालकांच्या ग्रुपवर यावर बरीच धुमश्चक्री झाली; मुलांना का रडवता, रेषा तर तीच आली ना. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, पण माझं मत मिसच्या बाजूने होतं. त्या संध्याकाळी बटणपेटीतून जुनं कर्कटक काढलं, स्क्रू आवळला, आणि आम्ही दोघी डायनिंग टेबलावर बसलो. दुभाजक झाला. मग ओघात मी तिला सातवीचा तो तास सांगितला, फळ्यावरचे आकडे आणि समांतर रेषा, आणि त्यानंतर लॅम्टन.

“पण पृथ्वी तर गोल आहे,” ती म्हणाली. “मग त्याच्या त्रिकोणांचं 180 कसं येणार?”

येत नाहीच. सर्वेक्षणवाल्यांना ते ठाऊक होतं. गोलावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 हून किंचित जास्त भरते आणि तो जादा भाग ते हिशेबात धरत. साधारण दोनशे चौरस किलोमीटरला एक सेकंद, म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. सातशेहून जास्त चौरस किलोमीटरच्या अख्ख्या बंगळुरूच्या क्षेत्रफळाएवढा त्रिकोण काढला तरी साधारण साडेतीन सेकंद. तिला हे पटलं नाही. साडेतीन सेकंद तिच्या कोनमापकावर दिसणार नव्हते, आणि मी सांगते म्हणून मानायचं, तर मग समांतर रेषेचा एवढा खटाटोप कशाला?

मग तिचा रबरी बॉल आणला. ताणलेला रबरबँड बॉलभोवती बरोबर सर्वांत मोठ्या वर्तुळावर बसवायचा, गोलावरची सरळ रेषा तीच. एक आडवा लावला, दोन उभे, एकमेकांना काटकोनात. बॉलवर आठ त्रिकोण झाले, प्रत्येकाचे तिन्ही कोन काटकोन. 270. तिने कोनमापक लावून पाहिला. तो बॉलवर टेकेना, तेव्हा गुण्याचा कोपरा टेकवून तिन्ही ठिकाणी तपासला. माझ्या आठवणीत गुण्याचा हा पहिला खरा उपयोग.

“मग तुझ्या सरांची समांतर रेषा इथे का चालली नाही?” तिने विचारलं. मी म्हटलं, काढून बघ. एका त्रिकोणाच्या शेंड्यातून, पायाच्या रबरबँडला कधीच न छेदणारा चौथा रबरबँड लावायचा, तोही सर्वांत मोठ्या वर्तुळावरच. ती अर्धा तास लावत होती, आणि तो दर वेळी कुठेतरी छेदत होता. जेवायला हाक मारली तर म्हणाली, थांब गं, हा जरा जाड आहे, बारीक रबरबँड आहे का?